काजळी कुणाची? रिमॅप केलेल्या पेट्रोल गाडीच्या पार्टिक्युलेट फिल्टरचं एक प्रकरण

गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो असलेली डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल. कंपनीतून निघताना ताकद २२० किलोवॅटच्या घरात. टर्बोला लागूनच विषारी वायू निवळणारा तीन-मार्गी कॅटॅलिस्ट आणि तिथून पुढे, गाडीच्या पोटाखाली, एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर. गाडी कोणत्या कंपनीची हे इथे महत्त्वाचं नाही, कारण हीच मांडणी बऱ्याच जणांच्या गाडीत सापडेल.

मालकांनी ती घेतल्यावर एका ट्यूनरकडून स्टेज १ रिमॅप करून घेतला होता, म्हणजे सुटे भाग न बदलता इंजिन चालवणाऱ्या संगणकातली (इसीयूतली) सॉफ्टवेअर फाइल बदलून घेतली होती. बूस्ट, म्हणजे टर्बो हवा कोंबतो तो दाब, वाढवला, टॉर्कच्या मर्यादा वर सरकवल्या आणि जोडीला ‘पॉप्स अँड बँग्स’, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की एक्झॉस्टमधून उडणारे बार. फिल्टरला हात लावला नव्हता. सुरुवातीला गाडी झकास चालली. मग फिल्टरचा पिवळा दिवा लागला. माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर चालवली की दिवा जायचा, काही दिवसांनी परत यायचा. शेवटी तो पी २४६३ हा कोड घेऊन मुक्कामालाच आला. हा कोड फिल्टरमध्ये प्रमाणाबाहेर काजळी साचल्याचा. त्यासरशी इसीयूनं बूस्ट कापला आणि रिमॅपसाठी मोजलेले पैसे पाण्यात गेले.

एका गॅरेजचं म्हणणं पडलं: डबा कापू, आतलं सिरॅमिक काढू, वरून वेल्ड मारू आणि सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर ‘ऑफ’ करू. दुसऱ्यानं सांगितलं: मूळ फाइल परत टाका, दोनदा जोरात पळवा, सगळं जळून जाईल. या दोनांपैकी कुणाचं ऐकायचं, एवढंच विचारायला मालक आमच्याकडे आले होते. पहिला सल्ला बेकायदेशीर होता. दुसरा सरळसाधा वाटत असला तरी गाडीच्या त्या वेळच्या अवस्थेत तोच जास्त घातक होता. का, ते पुढे येईलच.

पेट्रोल गाडीत हा फिल्टर आला कुठून

पेट्रोल इंजिन धूर सोडत नाही हा समज पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन सिलिंडरच्या बाहेरच हवेत मिसळायच्या, काळातला. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, आणि इंजिन थंड असताना त्यातलं काही पिस्टनच्या डोक्यावर आणि भिंतींवर पातळ थर होऊन बसतं. तो थर नीट मिसळायच्या आतच पेटतो आणि काजळी तयार होते. तिचे कण इतके बारीक असतात की वजनात भरत नाहीत. म्हणून युरोपनं वजनासोबत कणांची संख्याही मोजायला घेतली. युरो ६ या तिथल्या उत्सर्जन-नियमात डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलसाठी मर्यादा आधी किलोमीटरला सहा लाख कोटी कण अशी सैल होती. २०१७-१८ मध्ये ती दसपटीनं आवळून साठ हजार कोटींवर आणली, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणीही आली. बहुतेक कंपन्यांनी मग फिल्टर बसवला.

ट्यूनिंगवाल्यांच्या मनात या फिल्टरबद्दल जी अढी आहे ती तेव्हापासूनची. फोक्सवॅगनची गोल्फ आर २०१८ मध्ये युरोपात ३१० वरून ३०० अश्वशक्तीवर आली. बीएमडब्ल्यूनं तेव्हाच्या एम ३ सेडानचं उत्पादन फिल्टर बसवण्यापेक्षा २०१८ मध्येच थांबवलं. फिल्टर म्हणजे ताकद खाणारा बोळा, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं आणि आजही कुणी ते तपासायला जात नाही. दहा अश्वशक्तीतली किती फिल्टरनं खाल्ली आणि किती रस्त्यावरच्या चाचणीसाठी बदललेल्या कॅलिब्रेशननं, म्हणजे इसीयूतल्या आकड्यांच्या जुळणीनं, हा हिशोब कुणी मागत नाही.

रचना मात्र देखणी आहे. मधमाशीच्या पोळ्यासारखं कॉर्डिएराइट सिरॅमिक, एकाआड एक बुजवलेल्या नळ्या. वायूला एका नळीतून शेजारच्या नळीत जायचं तर सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. भिंतीतली छिद्रं दहा-वीस मायक्रॉनची आणि कण त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही लहान, म्हणजे चाळण म्हणून ती कुचकामीच. कण अडकतात ते स्वतःच्या थरथराटामुळे भिंतीला जाऊन चिकटल्यानं. त्यामुळे कोरा करकरीत फिल्टर उलट कमी गाळतो, आणि थोडी राख-काजळी बसल्यावर त्याचं काम सुधारतं.

दाबाचे आकडे

आम्ही आधी फिल्टरकडे नाही, सेन्सरकडे पाहिलं. फिल्टरच्या मागच्या-पुढच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर दोन बारीक नळ्यांनी जोडलेला असतो. त्यांत पाणी साचतं, रबर चिरतं, आणि निरोगी फिल्टर आजारी दिसायला लागतो. इंजिन बंद, इग्निशन चालू असताना वाचन शून्यावर होतं. नळ्या कोरड्या होत्या, चिरा नव्हत्या. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता.

मग लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरांच्या आकड्यांची नोंद, घेतला. इथे एक चूक सर्रास होते: पूर्ण थ्रॉटलवरचा दाब-फरक बघून ‘फिल्टर चोक आहे’ असा निकाल दिला जातो. रिमॅप केलेलं इंजिन मूळ इंजिनापेक्षा जास्त हवा ओढतं, एक्झॉस्ट जास्त निघतो आणि तापमानही जास्त असतं. दाब-फरक वाढणारच, फिल्टर अगदी स्वच्छ असला तरी. तुलना करायची ती समान घनफळ-प्रवाहावर. आम्ही मध्यम प्रवाहाचा, एकाच तापमानाचा, स्थिर वेगाचा तुकडा निवडला आणि त्याच जातीच्या, रिमॅप न केलेल्या गाडीच्या वाचनाशी ताडला. रोध दुपटीहून बराच वर होता. फिल्टर खरोखरच भरलेला होता.

पण खरी गोम पुढच्या ओळीत होती. फिल्टरमध्ये किती काजळी आहे याचा अंदाज इसीयू दोन वाटांनी लावतो. एक वाट दाब-फरकाची. दुसरी गणिती: इंजिन या घडीला किती काजळी तयार करतंय आणि फिल्टरमध्ये किती जळतेय, याची वजाबाकी करत राहायचं. दाबाचा अंदाज सांगत होता भांडं काठोकाठ भरलंय. गणिती अंदाज सांगत होता अर्ध्याच्याही खाली आहे. एवढी तफावत आली की गाडीत काहीतरी असं चाललंय जे गणित मांडणाऱ्या इंजिनिअरनं गृहीतच धरलं नव्हतं.

ते काय, हे फाइल उघडल्यावर दिसलं. काजळी किती तयार होते हे सांगणारा तक्ता भार आणि आरपीएमवर बेतलेला असतो आणि मूळ इंजिनाच्या कमाल भारापाशी संपतो. रिमॅपनं भार त्या शेवटच्या रकान्याच्या पलीकडे नेला होता. तक्त्याबाहेर गेलं की इसीयू शेवटचाच आकडा धरून बसतो. शिवाय टर्बाइन जास्त तापू नये म्हणून ट्यूनरनं पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण चांगलंच गडद ठेवलं होतं, लॅम्डा ०.८० च्या आसपास (लॅम्डा १ म्हणजे इंधनाला नेमकी पुरेल एवढी हवा, त्याखाली हवा कमी). जास्तीचं इंधन वायूला थंड ठेवतं हे खरं, पण हवा अपुरी पडली की काजळी झपाट्यानं वाढते. म्हणजे इंजिन धडाधड काजळी ओकत होतं आणि हिशोबाच्या वहीत जुन्याच दरानं नोंद होत होती.

ऑक्सिजनची वाट बंद

काजळी जास्त होणं हा अर्धाच भाग. ती जळत का नव्हती, हे जास्त रंजक.

डिझेलच्या फिल्टरला उष्णतेची टंचाई असते, ऑक्सिजन मुबलक. पेट्रोलचं नेमकं उलटं. एक्झॉस्ट भरपूर तापलेला असतो, पण इंजिन लॅम्डा १ वर चालतं, म्हणजे कॅटॅलिस्टनंतर ऑक्सिजन जवळपास उरतच नाही. सहाशे अंशांच्या पुढे काजळी झटकन पेट घेते, पण हवाच नसेल तर लालभडक सिरॅमिकवरही ती तशीच बसून राहते. पेट्रोल गाडीत ही हवा मिळते ती ॲक्सिलरेटर सोडल्यावर. गाडी गिअरमध्ये असते, इंजेक्टर पूर्ण बंद होतात, इंजिन नुसता पंप बनतं आणि स्वच्छ, २१ टक्के ऑक्सिजन असलेली हवा तापलेल्या फिल्टरमधून जाते. दर उतारावर, दर सिग्नलपाशी, सेकंद-दोन सेकंदांची ही फुंकर. बहुतेक पेट्रोल फिल्टर या फुंकरींवरच वर्षानुवर्षं स्वच्छ राहतात, आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो.

आता पॉप्स अँड बँग्स कसे काढतात ते पाहा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंधन तोडायचंच नाही, ठिणगी खूप उशिरा द्यायची, म्हणजे ज्वलन सिलिंडर सोडून एक्झॉस्टमध्ये सरकतं आणि बार उडतो. म्हणजे फिल्टर सर्वांत तापलेला असतो नेमक्या त्याच क्षणी त्याला मिळणारी हवा हिरावून घ्यायची. या फाइलमध्ये जोरात चालवण्याच्या मोडमध्ये फ्युएल कट कित्येक सेकंद पुढे ढकलला होता. मालक गाडी बहुतेक त्याच मोडमध्ये चालवायचे. साहजिकच आहे, त्याच आवाजासाठी तर रिमॅप केला होता! आणि साध्या मोडमध्ये चालायची ती जवळच्या फेऱ्यांना. त्यात कॅटॅलिस्ट तापतो, पण पोटाखालचा फिल्टर तापायच्या आत इंजिन बंद होतं. थंड इंजिनाची सर्वांत वाईट काजळी मात्र त्याच फेऱ्यांत तयार होते. तापलेला असताना हवा नाही आणि हवा असताना तापलेला नाही, अशा कात्रीत फिल्टर सापडला होता.

यात टर्बोची भर पडली. टर्बाइनची ताकद तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गुणोत्तरावर ठरते. समजा आधीचा दाब ३.० बार आणि नंतरचा १.३ बार, म्हणजे गुणोत्तर २.३. फिल्टर भरल्यानं नंतरचा दाब १.४५ झाला, तर तेच गुणोत्तर राखायला आधीचा दाब ३.३५ च्या आसपास न्यावा लागतो. खाली ०.१५ बार वाढले की वर ०.३५ वाढतात. सिलिंडरमध्ये जुना तापलेला वायू जास्त उरतो, नॉककडे, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याकडे, कल वाढतो, इसीयू ठिणगी मागे घेतो, म्हणजे उशिरा देतो, एक्झॉस्ट आणखी तापतो, त्याला थंड करायला मिश्रण आणखी गडद होतं, आणि काजळी आणखी वाढते. पहिल्यांदा दिवा लागल्यावर पुढचा प्रवास इतका झपाट्यानं का झाला, याचं उत्तर या फेऱ्यात आहे.

तेलाचाही थोडा हात होता. रिमॅपनंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून मालकांनी ‘जास्त दमदार’ म्हणून एसीईए या युरोपीय प्रमाणातल्या ए३/बी४ दर्जाचं तेल घातलं होतं. त्यात सल्फेटेड राख १.६ टक्क्यांपर्यंत चालते, कमी राखेच्या सी३ दर्जात ०.८ ची मर्यादा असते. तेलातल्या कॅल्शियम-जस्ताची राख काजळीसारखी जळत नाही. ती बसली की कायमची.

‘मूळ फाइल टाकून पळवा’ का नाही

दुसऱ्या गॅरेजच्या सल्ल्यात तर्क होता: मूळ फाइलमध्ये फ्युएल कट आहे, म्हणजे हवा मिळेल, काजळी जळेल. हो, जळेल. प्रश्न किती वेगानं, एवढाच.

पाठकोऱ्या कागदावरचं गणित करू. समजा फिल्टरमध्ये सहा ग्रॅम काजळी आहे. एक ग्रॅम कार्बन जळला की सुमारे ३३ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे एकूण जवळजवळ २०० किलोज्यूल. पातळ भिंतींच्या सच्छिद्र सिरॅमिकचं वजन अर्धा किलो धरलं आणि त्याची विशिष्ट उष्णता किलोमागे दर अंशाला एक किलोज्यूल, तर वायूनं काहीच वाहून नेलं नाही असं मानल्यास सरासरी तापमान चारशे अंशांनी उडी मारतं. गाडी जोरात पळवून आणलेली, फिल्टर साडेसातशेवर. त्यात चारशे मिळवा. हे सरासरी. ज्वलनाची लाट पुढून मागे सरकते तेव्हा मागच्या टोकाला उष्णता साठत जाते, तिथे आकडा याहून बराच वर जातो. कॉर्डिएराइट साडेचौदाशेच्या आसपास वितळतं, पण त्याआधीच तापमानातल्या तफावतीनं तडे जातात आणि राखेशी संयोग होऊन ते आणखी लवकर मऊ पडतं.

आणि वेळ किती लागेल? सहा ग्रॅम कार्बनला सोळा ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे सत्तर ग्रॅम हवा. बंद थ्रॉटलवर सेकंदाला आठेक ग्रॅम हवा जात असेल, तर सगळा ऑक्सिजन वापरला गेल्यास नऊ-दहा सेकंद. एका लांब उतारावर पाय वर घेतला की काम तमाम. प्रवाह इतका कमी असतो की उष्णता वाहून न्यायलाही कुणी नाही.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. म्हणून फिल्टर तापलेला आणि भरलेला असेल तर इसीयू फ्युएल कट स्वतःहून रोखतो. पण ‘भरलेला’ कशावरून ठरवतो? या गाडीत गणिती अंदाज अर्ध्याखाली अडकून पडला होता. त्यावर विसंबून ती राखण वेळेवर धावून आली असती याची खात्री मी दिली नसती. एरवी निरुपद्रवी असलेली मूळ फाइल इथे काडी ओढण्यासारखी होती.

प्रत्यक्षात काय केलं

क्रम महत्त्वाचा होता. आधी फिल्टर हलका करायचा, मगच फ्युएल कट परत द्यायचा.

निदान यंत्रावरून काजळीची नोंद दाबाच्या अंदाजाइतकी वर नेली, म्हणजे इसीयूची राखण जागी झाली. मग डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मध्यम स्थिर भारावर, ठिणगी थोडी मागे ठेवून फिल्टरचं तापमान सहाशेच्या जरा वर आणलं आणि मिश्रण किंचित विरळ केलं, लॅम्डा १.०५. त्या मिश्रणात एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन असतो एक टक्का. फ्युएल कटच्या एकवीस टक्क्यांपुढे हे काहीच नाही, आणि तेच हवं होतं. वायूचा प्रवाह भरपूर, हवा चिमूटभर. काजळी हळूहळू जळते आणि उष्णता बाहेर जात राहते. मध्ये थांबून, तापमान स्थिरावू देऊन, पुन्हा तेच. ॲक्सिलरेटर झटक्यानं सोडायचा नाही ही सक्त ताकीद. कंटाळवाणं काम आहे, बघायला आलेल्या मालकांचा तासाभरात विरस झाला. दाब-फरकाचा आलेख मात्र पायरीपायरीनं उतरत गेला आणि एका पातळीवर थांबला.

त्यानंतर नवी फाइल. बूस्ट ट्यूनरनं दिला होता त्याहून कमी, मूळ फाइलहून जास्त. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण बरंच हलकं केलं, आणि टर्बाइनचं तापमान आवाक्यात राहावं म्हणून वरच्या आरपीएमला टॉर्क उतरता ठेवला. काजळीच्या तक्त्याचा भाराचा अक्ष ताणून शेवटच्या रकान्यांत आकडे चढे भरले. फ्युएल कट सगळ्या मोडमध्ये मूळ जागी. बार गेले. तेल सी३.

मालकांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: “आवाज थोडा तरी ठेवता येणार नाही का?” फिल्टर रिकामा आहे असं इसीयूला वाटत असेल तेव्हाच थोडा वेळ बार होऊ द्यायचे, अशी सोय काही कंपन्या स्वतः देतात. पण त्यांच्याकडे त्यामागे चाचण्या असतात. आमच्याकडे नव्हत्या, म्हणून नाही म्हटलं.

फिल्टर कापण्याबद्दलही त्यांनी परत विचारलं. कायद्याचं उत्तर सोपं आहे: ज्या मंजुरीवर गाडी रस्त्यावर येते, फिल्टर त्या मंजुरीचा भाग आहे. तो काढला की ती गाडी सार्वजनिक रस्त्याची राहत नाही. आणि कायदा सैल होण्याची चिन्हंही नाहीत. युरोपात २९ नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलांना लागू होणारा युरो ७ पोर्ट इंजेक्शनलाही याच संख्येत बांधतो, आणि २३ नॅनोमीटरऐवजी १० नॅनोमीटरपासूनचे कण मोजतो. तांत्रिक उत्तर मला जास्त पटतं. फिल्टर काढला असता तर दिवा गेला असता, दाब गेला असता, गाडी पळाली असती, आणि लॅम्डा ०.८० वर चालणारं, काजळी ओकणारं ते कॅलिब्रेशन तसंच राहिलं असतं. काजळी तेलातही उतरते. मागे गाळायला कुणी नाही म्हणून इंजिनातली घाण थांबत नाही, फक्त ती सांगणारा सेन्सर गप्प होतो.

डायनोवर नवी फाइल ट्यूनरच्या फाइलपेक्षा कमाल ताकदीत थोडी मागे राहिली, पण मधल्या आरपीएमला पुढे होती. भरलेल्या फिल्टरमागे टर्बो ज्या उशिरानं जागा व्हायचा तो उशीर आता नव्हता. मालकांना रस्त्यावर जाणवला तो हाच फरक.

नंतरच्या तेल-सर्व्हिसला त्याच प्रवाहावर, त्याच तापमानावर पुन्हा वाचन घेतलं. दोन्ही अंदाज एकमेकांच्या जवळ चालत होते आणि कोड परतला नव्हता. रोध मात्र रिमॅप न केलेल्या गाडीइतका खाली आलेला नाही. उरलेला फरक राखेचा आहे. तो कोणत्याही फाइलनं जाणार नाही, आणि फिल्टर ठरल्यापेक्षा लवकर बदलावा लागेल हे मालकांना सांगितलं आहे. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला हेच एक वाचन घ्यायचं असं ठरलं.